भोक पडलेल्या पानाची बखर

१

काल दुपारपर्यंत विहाराच्या कपाटात बांबूची तीन नळकांडी होती. रविवारी सकाळी नऊ वाजता धूळ झटकायला म्हणून प्रफुल सरांनी कपाट उघडलं, तर दोनच.

आलापल्लीच्या जंगलाला पाठ टेकून बसलेलं चिंतलटोला हे असं गाव, की कोंबडी शेजारच्या अंगणात अंडं घालून आली तरी त्या अंड्याचा रंग सांगणारी चार माणसं निघतात. अशा गावातून हातभर लांबीचं नळकांडं नाहीसं व्हावं आणि कुणाला खबर नसावी, हेच लोकांना जास्त लागलं. त्यात ते नळकांडं साधं नव्हतं. त्यात जपानची बखर होती.

बावीस वर्षं या विहारात राहिलेले जपानी भिक्खू मागच्या वर्षीच्या श्रावणात वारले. त्यांचं पूर्ण नाव गावाच्या जिभेला कधी पेललं नाही, म्हणून ते कुरे भंतेजी झाले. कुरेबायाशी नावाच्या एका लहानशा सामुराई घराण्यातले ते. घराण्याचा चारशे वर्षांचा इतिहास लिहिलेली कागदाची एकच गुंडाळी उरली होती आणि ती त्यांच्याजवळ होती. ती न्यायला त्यांची पुतणी नाओकोबाई आज दुपारी चार वाजता नागपूरहून येणार होत्या.

"नीलाबाईले बोलवा," विहार समितीचे अध्यक्ष वामनराव म्हणाले. "पोलीस नंतर पाहू."

नीलाबाई खोब्रागडे विहारासमोरच राहत. आलापल्लीच्या लाकूड डेपोत एकतीस वर्षं कारकून होत्या. जंगलातून आलेल्या प्रत्येक ओंडक्याची जात, लांबी, घेर आणि शेरा त्यांनी वहीत टिपला होता. सागाचे किती चोर त्यांनी नुसते बुंध्यावर ठोकलेल्या शिक्क्यावरून पकडले, ते आता त्यांनाही आठवत नाही. निवृत्त झाल्यावर ओंडके गेले, वही मनात राहिली. त्या आता माणसं टिपत. वामनरावांच्या नावापुढे शेरा होता: घेर मोठा, आवाज पोकळ, पण लाकूड सुकं, दगा देणार नाही. प्रफुल सरांपुढे: सरळ वाढ, पॉलिश जास्त.

"चोर कोण ते मी शोधून ठेवलं," नीलाबाई पायरी चढायच्या आतच प्रफुल सर म्हणाले. ते हायस्कुलात विज्ञान शिकवत. "तिन्ही नळकांडी सारखी दिसतात. चिठ्ठ्या जपानीत. एकात सूत्रं, एकात भंतेजींनी काढलेली नदीची चित्रं, एकात बखर. चोरानं बाकी दोन उघडलीसुद्धा नाहीत. दोऱ्याच्या गाठी जशाच्या तशा आहेत. म्हणजे त्याले जपानी वाचता येते. आन् या गावात जपानी कोणाले वाचता येते?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. खांबाजवळ मयुरी उभी होती. तेवीस वर्षांची, नर्सिंग झालेली, लहानपणापासून भंतेजींकडे अक्षरं गिरवलेली. तिला जपानमध्ये वृद्धांच्या शुश्रूषेचं काम मिळायचं होतं आणि त्यासाठी लागणाऱ्या हमीपत्रावर नाओकोबाई आजच सही करणार होत्या.

"पोरीवर माझा राग नाई," वामनराव जमिनीकडे पाहत म्हणाले. "पण चार वाजेपर्यंत नळकांडं नाई सापडलं, तर पाहुणीले खरं सांगा लागन. आन् संशय कोणावर, ते ते बाई इचारनच."

मयुरीनं हातातली वही छातीशी घट्ट धरली.

२

"किल्ली?" नीलाबाईंनी विचारलं.

"माझ्या करगोट्याले. चोवीस तास," वामनरावांनी कंबरेवर थाप मारली. आवाज किल्लीचा आला नाही, पोटाचा आला.

"मंग या दारामागच्या खिळ्याले काय लटकून राह्यलं?"

वामनरावांनी मागं पाहिलं. किल्ली होती. सुतळीला बांधलेली, वापरून गुळगुळीत झालेली.

"ते... रुतते बाई. बसलं का पोटात रुतते."

"किती दिवसांपासून रुतते?"

"दोन-तीन वर्षं झाले असतीन."

"म्हणजे अख्ख्या गावाले माहीत," नीलाबाई म्हणाल्या आणि हा प्रश्न त्यांनी मनातल्या वहीत खोडून टाकला. उघडलं कुणी, हे किल्लीवरून कळणार नव्हतं.

मग त्यांनी प्रफुल सरांना बाजूला घेतलं. "सर, तुमाले तर बखर जायलेच नको होती."

सरांचे कान लाल झाले. पलीकडच्या खोलीत त्यांनी स्वतः उभं राहून बनवून घेतलेली काचेची पेटी होती. आत मखमल, वर दिवा, खाली फलक: 'चिंतलटोला-जपान मैत्री दालन'. सगळं तयार होतं, फक्त आत ठेवायला काही नव्हतं.

"मी पाहुणीले विनंती करणार होतो, बखर इथी ठेवा म्हणून. चोरलेली वस्तू काचेत कशी मांडन मी? लोकायले दाखवासाठीच तर पेटी आहे."

हे खरं होतं. दाखवण्याची हौस असलेला माणूस लपवण्याच्या कामाचा नसतो. नीलाबाईंनी सरांचं नावही खोडलं, पण पूर्ण नाही, पेन्सिलीनं.

"तिन्ही नळकांडी सारखी कशी काय? भंतेजींनी एकदम तर नव्हती करून घेतली."

"ते मीच केलं," सर जरा खुलले. "दसऱ्याले तिघायलेही वॉर्निश मारलं. एक पिवळं, दोन काळपट, कसं दिसत होतं! आता कसे भाऊ-भाऊ दिसतात."

नीलाबाई कपाटाशी वाकल्या. जाळीच्या दाराचं जुनं कपाट. वरच्या फळीवर दोन नळकांडी, आणि तिसऱ्याच्या जागी लांबट मोकळी जागा. त्या जागेत मैद्यासारखी बारीक, फिक्कट पिवळी पूड पडली होती.

"हळद आहे," वामनराव म्हणाले. "कोणीतरी पूजा-बिजा केली असन."

"विहारात?" प्रफुल सर चिडले. "खडू आहे. माझ्याच हाताचा लागला असन."

नीलाबाईंनी चिमूट उचलून हुंगली. हळदीचा वास नव्हता. बोटांत चोळली, खडूसारखी चिकटली नाही. त्यांनी ती साडीच्या पदराच्या टोकात बांधली, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा हसल्या.

"साडेदहा झाले," त्या म्हणाल्या. "मले त्या पोरीशी बोलू द्या. एकटीले."

३

मयुरी आवारातल्या बोधिवृक्षाच्या कट्ट्यावर बसली होती. डोळे कोरडे होते, पण एकदा धुतलेले दिसत होते.

"नीलाबाई, मी नाही घेतलं."

"ते मी कुठी इचारलं? मले येवढं सांग, ते तिसरं नळकांडं कापलं कधी?"

मयुरी बघतच राहिली. सकाळपासून सगळे 'नेलं कुणी' हेच विचारत होते.

"आमच्या डेपोत असं आहे," नीलाबाई म्हणाल्या. "लाकूड कोण घेऊन चाललं, हे मागून पाहाचं. आधी बुड पाहाचं. कुठचं आहे, कधी तुटलं. लाकूड आपली हकिकत स्वतः सांगते, माणसाले फुरसत नसते आयकाची."

"पहिली दोन जुनी आहेत. दहा-बारा वर्षं झाली असतील, थंडीत केलेली. तिसरं मागच्या श्रावणात. भंतेजी अंथरुणाला खिळले होते. पूर आला होता, भामरागडकडचा रस्ता बंद, इकडचाही नाला भरलेला. ते म्हणाले, बखर घरी पाठवायची तर तिला घर पाहिजे. आठ दिवसांत जंगूभाऊंनी करून आणलं. भंतेजींनी ते हातात घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी गेले."

"श्रावणात," नीलाबाई स्वतःशीच म्हणाल्या. "बरं, त्या बखरीत आहे तरी काय?"

"तुम्हाला वाचून दाखवू?" मयुरीनं वही उघडली. "भंतेजींनी माझ्याकडून सगळं मराठीत उतरवून घेतलंय. शेवटच्या ओळीपर्यंत."

"अख्खी?"

"अख्खी."

नीलाबाईंनी वहीला नुसता हात लावला. "दुपारी वाचशीन. सगळ्यायसमोर. आता नको."

एवढ्यात फाटकातून बायनाबाई आली, म्हणजे आधी तिचा आवाज आला. ती जंगू आत्रामची बायको. गावातल्या सगळ्या टोपल्या, सुपं, चटया आणि कालपासून उभी होत असलेली स्वागताची कमान, हे सगळं जंगूच्या हातचं.

"अवं नीलाबाई! तुमच्या जंगल खात्यात माकडायची तक्रार कुठी करा लागते?"

"काऊन, का झालं?"

"काल सांजेले भात रांधाले चुलीपाशी गेली, तं वरून उजेड! माझ्या सैपाकघराच्या छपराचा अख्खा बांबू माकडानं ओढून नेला. चार कवेलू खाली. चाळीस वर्षांचा बांबू, माझ्या सासूनं टाकलेला. बुढा म्हणते, माकड होतं. मी म्हटलं, अशी कशी तुमची भूक रे बाप्पा, काय बांबू खाता का?"

"बांबूची दोरी पाह्यली का? तुटली का कापली?"

"कापली व बाई. अशी सफाईनं, जशी कोयत्यानं."

"मोठं हुशार माकड आहे," नीलाबाई गंभीरपणे म्हणाल्या. "कोयता वापरते."

बायनाबाई हसता हसता थांबली. तिनं नीलाबाईंच्या तोंडाकडे पाहिलं, मग आपल्या घराच्या दिशेनं पाहिलं, आणि एकदम घाईघाईनं निघून गेली.

४

दुपारी दोनच्या सुमाराला नीलाबाई गेल्या, तेव्हा जंगू आत्राम घरामागच्या मोहाच्या झाडाखाली बसला होता. साठीचा, सडपातळ, हातांवर बारीक चिरांचे पांढरे वण. नीलाबाईंच्या वहीत त्याच्यापुढे एकच शब्द होता: भरीव.

त्यांना पाहताच त्यानं मांडीवरचं काहीतरी गोणपाटाखाली सरकवलं. तरी पायाशी पडलेला, बांबू तासल्याचा कूस राहिलाच. स्वागताच्या कमानीचे बांबू हिरवे होते, त्यांचा कूस हिरवट पांढरा असायला हवा. हा तर चहाच्या रंगाचा होता, आणि त्याला धुराचा वास होता.

"कमान झाली का, जंगूभाऊ?"

"झाली. पोट्टे पताका लावून राह्यले."

"मंग हे का?"

"असंच. हात रिकामा राह्यत नाई." त्यानं मान वर केली नाही. थोड्या वेळानं विचारलं, "नीलाबाई, पाहुणीची गाडी उशिरा येईन का हो?"

"काऊन?"

"रस्ता खराब आहे ना. पाचाले आली तं बरं. सव्वापाच झाले तरी चालन."

"आज सकाळी विहारात गेला होता का?"

"नाई. पहाटपासून इथीच आहे. बुढी आली, नुसती पाहून गेली. बाकी कोणी आलं नाई."

म्हणजे बखर हरवल्याचा बोभाटा या झाडाखाली पोचलाच नव्हता. तिथं मयुरीचं काय चाललंय, हे या माणसाला माहीत नव्हतं. नीलाबाईंना हायसं वाटलं, आणि त्याच वेळी थोडी धास्तीही. आता इथंच 'दाखव' म्हटलं, तर नळकांडं मिळालं असतं. पण प्रफुल सरांनी भर सभेत 'चोर' म्हटलेली पोर भर सभेतच सुटायला हवी होती. आणि या माणसाला मान खाली घालून नव्हे, आपल्या पायांवर चालत यायला मिळावं, असंही त्यांच्या मनात होतं.

"जंगूभाऊ, भंतेजी तुमाले त्याईच्या घराण्याची गोष्ट सांगत होते ना?"

चाकू पुसणारा जंगूचा हात थांबला.

"सांगत होते. भोकाच्या पानाची."

"पाहुणी आली का मयुरी ते वाचणार आहे. या तुम्ही. हातचं काम अर्धं असलं तरी या."

परतताना त्यांनी बायनाबाईच्या ओसरीवरून आत डोकावलं. धानाच्या ढोलीच्या तोंडाशी ताजा कडुनिंबाचा पाला खोचलेला दिसला. गेल्या वर्षीचं धान तळाला गेलेलं, नवं अजून शेतात उभं. अर्ध्या रिकाम्या ढोलीला एवढा पाला कुणी घालत नाही.

तेवढ्यात गावाच्या वेशीवर गाडीचा हॉर्न वाजला. नीलाबाईंनी घड्याळ पाहिलं. अडीचच वाजले होते.

५

नाओकोबाई साठीच्या, बुटक्या, पांढऱ्या केसांच्या आणि चालण्यात अतिशय झपाट्याच्या निघाल्या. नागपूरहून पहाटेच निघाल्या होत्या म्हणे; उशीर होईल या भीतीनं दीड तास आधी पोचायची त्यांच्या घराण्यात रीतच होती. कमानीखालून येताना त्या थांबल्या, बांबूच्या जोडावरून बोट फिरवलं, आणि कुणाच्या तरी नावानं हलकेच वाकल्या. कमान करणारा तिथं नव्हता.

मंडपात सगळे बसले. वामनरावांनी भाषण सुरू केलं आणि 'आमच्या गावाच्या वतीनं' याच्यापुढे त्यांना काही सुचेना. प्रफुल सर घसा खाकरून उठले.

"सर, बसा," नीलाबाई म्हणाल्या. "पाहुणीले आधी तिच्या घरची गोष्ट आयकवू. मयुरी, वाच. मराठीत वाच, मंग त्याईले सांग."

मंडपाच्या कडेला, शेवटच्या खांबाशी, जंगू येऊन उभा राहिला होता. हात रिकामे.

मयुरीनं वही उघडली. ती उभी राहून वाचू लागली.

"कुरेबायाशी हे मोठं घराणं नव्हे. आमच्या कुणी लढाई जिंकली नाही. डोंगरातल्या एका लहान जहागिरीत आम्ही जंगलाची राखण करत होतो. झाडं मोजायची, कोणतं कधी तोडायचं ते ठरवायचं, बुंध्यावर खूण करायची."

"आमच्याच खात्यातले निघाले," नीलाबाई पुटपुटल्या. चार जण हसले.

"कंबरेला दोन तलवारी असत. लांब तलवार आमच्या चौथ्या पुरुषापासून गंजून म्यानात अडकलेली होती, आणि ती निघत नाही हे बाहेर कळू नये, याची काळजी घेणं हेच तिचं काम होतं."

आता सगळा मंडप हसला. मयुरीनं जपानीत सांगितलं तशा नाओकोबाईही हसल्या.

"तिसरे पुरुष शिन्झाएमोन. जहागीरदाराच्या मुलाचं लग्न निघालं. गडाचा दरवाजा नवा हवा, आणि ताबडतोब हवा. झाड तोडायचा तो हंगाम नव्हता. पावसाळा होता, लाकडात रस चढलेला होता. शिन्झाएमोनना हे माहीत होतं. तरी मालकाची घाई पाहून त्यांनी 'तोडा' म्हटलं. चार वर्षांत दरवाज्याला भुंगा लागला. मालकाच्या पायावर एक दिवस पिवळा भुसा पडला. चौकशी झाली. ज्या लाकूडतोड्यानं झाड पाडलं होतं, त्याला धरलं. त्याचा काही दोष नव्हता. तो गरीब होता, आणि झाडाला शेवटचा हात त्याचा लागला होता, एवढंच."

मयुरी थांबली. पुढची ओळ तिला दिसत होती, पण वाचवत नव्हती.

"वाच ना, पोरी," वामनराव म्हणाले. त्यांच्या लक्षात काही आलं नव्हतं.

नीलाबाई उठल्या. "इथी जरा थांबू. पाहुणीले सांगाचं राह्यलं. बाई, तुमच्या बखरीचं नळकांडं काल या विहारातून गेलं. आन् गावानं आज सकाळी धरलं या पोरीले. काऊन, तं तिले तुमची अक्षरं येतात."

मयुरीला हे स्वतःच्याच तोंडानं जपानीत सांगावं लागलं. तिनं सांगितलं, एकही शब्द न गाळता. नाओकोबाईंचा चेहरा हलला नाही. पण त्यांच्या आधी दुसराच कुणीतरी हलला.

"मयुरीले?" शेवटच्या खांबापासून आवाज आला. "मयुरीले काऊन धरलं?"

जंगू मंडपाच्या मधोमध चालत आला. एवढ्या माणसांत तो कधी मधे आला नव्हता.

"नळकांडं मी नेलं. पोरीचं नाव घेऊ नका. माझ्या घरी आहे."

६

मंडपात जो गलका झाला, तो वामनरावांनी "गप्प!" म्हणून वाढवला आणि नीलाबाईंनी हात वर करून थांबवला.

"सर, तुमचं गणित चांगलं होतं," त्या म्हणाल्या. "पण सुरुवात चुकली. चोराले बखर पायजे असती, तं त्यानं कागद काढून नेला असता आन् रिकामं नळकांडं जाग्यावर ठेवलं असतं. कोणाले कळलं असतं? आन् मयुरीले तं कागदाचीही गरज नाई, अख्खी बखर तिच्या वहीत आहे. नेणाऱ्यानं नळकांडं नेलं. मंग दुखणं नळकांड्यालेच असन."

त्यांनी पदराची गाठ सोडली. पिवळी पूड तळहातावर घेतली.

"हे हळद नाई, खडूही नाई. बांबू पोखरणाऱ्या भुंग्याचा भुसा आहे. श्रावणात तोडलेल्या बांबूत गोडवा असते, त्याले भुंगा लागतेच. म्हणून आमचं खातं पावसाळ्यात बांबू तोडू देत नाई. जुन्या दोन नळकांड्यायखाली भुसा नाई. सरायनं तिघायले वॉर्निश मारून भाऊ-भाऊ केले, पण भुंगा काय वॉर्निश पाह्यते? ज्याले वाचता येते त्यानं चिठ्ठी पाह्यली असती. ज्याले वाचता येत नाई, त्यानं भुसा पाह्यला. बरोबर, जंगूभाऊ?"

जंगूनं मान हलवली.

"काल दुपारी कमानीचं माप घ्याले गेलो. कपाटातून करकर आयकू आली. खाली भुसा. माझं काळीजच बसलं. भंतेजीले मी म्हटलं होतं, माझ्या हातच्या बांबूले शंभर वर्षं काही होत नाई. आन् श्रावणात तोडलेला टिकत नाई, हे मले माहीत नव्हतं का? माहीत होतं. महिनाभर वाहत्या पाण्यात भिजू घाला लागते. नदीले पूर, भिजवू कुठी? पण त्याईपाशी आठच दिवस होते. मी 'होते' म्हटलं. ते खोटं बोललो मी." त्यानं नाओकोबाईंकडे पाहिलं नाही. "वाटलं, पाहुणी याच्या आत दुसरं करून ठेवीन. कोणाले कळणारही नाई. पोरीवर येईन, हे ध्यानातच नाई आलं."

"आन् बखर?" वामनरावांनी विचारलं.

"धानाच्या ढोलीत," उत्तर नीलाबाईंनीच दिलं. "कडुनिंबाच्या ताज्या पाल्यात. तुमच्या कपाटापेक्षा बऱ्या जागी आहे, वामनराव. तिथी निदान किल्ली खिळ्याले नाई."

मयुरी नाओकोबाईंच्या कानाशी लागून सगळं सांगत होती. सांगून झालं. नाओकोबाईंनी वहीवर बोट ठेवलं आणि एकच शब्द म्हटला.

"पुढचं वाच, म्हणतात," मयुरी म्हणाली.

"शिन्झाएमोन गडाच्या दरवाज्यात जाऊन सगळ्यांसमोर म्हणाले, त्या माणसाला सोडा. हुकूम माझा होता. हंगाम मला माहीत होता. मालकानं त्यांचा दर्जा दोन पायऱ्या उतरवला. म्हणून आम्ही लहान घराणं आहोत. आणि घराण्याची खूण म्हणून बांबूची तीन पानं दिली, त्यांतल्या एका पानाला किडीनं पाडलेलं भोक. ही शिक्षा होती की शाबासकी, यावर आमच्या घरात तीनशे वर्षं भांडण चालू आहे. माझं मत असं, की मालकालाही ते ठरवता आलं नसावं."

नाओकोबाईंनी पिशवीतून एक निळा कपडा काढून उलगडला. त्यावर पांढरी तीन पानं होती. मधल्या पानाला भोक होतं. त्या जंगूपुढे उभ्या राहिल्या आणि इतक्या खाली वाकल्या, की जंगू गोंधळून त्यांच्याहून खाली वाकला, आणि मग कुणी आधी उठायचं हे दोघांनाही कळेना. शेवटी बायनाबाईनं नवऱ्याचं बखोट धरून त्याला उभं केलं.

हमीपत्रावर सही तिथंच झाली. प्रफुल सरांनी पेन पुढं केलं. मयुरीनं ते घेण्याआधी त्यांच्याकडे एक क्षण नुसतं पाहिलं, आणि सरांनी विज्ञानाच्या तासाला कधी मान्य केली नसती अशी चूक मान्य केली.

"चुकलो, मयुरी. निष्कर्ष आधी काढला, निरीक्षण मागून."

"वहीत दहा वेळा लिहून आणा, सर," मयुरी म्हणाली.

मग सगळे जंगूच्या घरी गेले. ढोलीतून बखर निघाली, धानाच्या वासाची, कोरडी ठणठणीत. गोणपाटाखालून नवं नळकांडं निघालं. नुसतं टोपण बसवायचं राहिलं होतं. गडद, चमकदार, उसाच्या काकवीच्या रंगाचं. नाओकोबाईंनी ते नाकाशी नेलं आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

"त्या म्हणतात," मयुरी सांगू लागली, "आमच्याकडे जुन्या घरांच्या छपरातला, पिढ्यान् पिढ्या चुलीचा धूर प्यालेला बांबू फार मोलाचा मानतात. जुनं घर पाडलं की कारागीर तो मागायला रांग लावतात. हा तुम्ही कुठून आणला?"

जंगूनं बायकोकडे पाहिलं. बायनाबाईनं जंगूकडे पाहिलं.

"माकडानं आणला," ती म्हणाली.

पोखरलेलं जुनं नळकांडं जंगू चुलीत घालायला निघाला होता. नाओकोबाईंनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि प्रफुल सरांच्या हातात दिलं. सरांनी ते काचेच्या पेटीत मखमलीवर ठेवलं, आणि आठ दिवसांनी मखमलीवर पिवळा भुसा पडलेला पाहून त्याच्याखाली भुसा म्हणजे काय हे सांगणारा दुसरा फलक लावला. पण ते पुढचं.

त्या दुपारी नाओकोबाईंना बांबू निघाला ती जागा पाहायची होती. स्वयंपाकघरात त्या वर पाहत उभ्या राहिल्या. धुरानं काळ्या झालेल्या छपरात, जिथून बांबू आणि चार कवेलू गेले होते, तिथं एक भोक होतं. त्यातून ऊन सरळ चुलीवरच्या भाताच्या गंजावर पडत होतं. त्या निळा कपडा छातीशी धरून हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या.

मयुरीनं ते सगळ्यांना सांगितलं. "म्हणतात, तीनशे वर्षांनी आमच्या घराण्याची खूण आणखी एका घरावर उमटली."

जंगूनं डोळे पुसले. वामनरावांनी नाक शिंकरलं. नीलाबाईंनी मनातल्या वहीत जंगूच्या नावापुढचा शेरा तपासला. 'भरीव' होतं, तसंच राहू दिलं.

बायनाबाईनं गंजावर झाकण ठेवलं, कमरेवर हात ठेवून वर पाहिलं, आणि मयुरीला म्हणाली, "खूण लय चांगली आहे म्हणा. पण तिले इचार, पुढच्या पावसाळ्यात त्या खुणेतून पाणी गळन, तवा बादली कोणाच्या घराण्यानं धराची?"

मयुरीनं विचारलं. नाओकोबाईंनी उत्तर तोंडानं दिलंच नाही. बाह्या वर सारल्या, अंगणात जाऊन पडलेलं एक कवेलू उचललं, आणि शिडी कुठं आहे ते हातानंच विचारलं.